सीसीके नेमकी कुणाला हाक मारतं? स्वादुपिंडाचा रस आणि व्हेगसचे रिसेप्टर

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "पुस्तकात लिहिलंय की जेवण लहान आतड्यात आलं की सीसीके (कोलेसिस्टोकायनिन) हे हॉर्मोन सुटतं, रक्तातून स्वादुपिंडात जातं, तिथल्या ॲसिनर, म्हणजे एन्झाइम बनवणाऱ्या, पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि एन्झाइम बाहेर पडतात. मी व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हेच सांगितलं. सर म्हणाले, मग माणसाला ॲट्रोपीन दिल्यावर सीसीकेचा परिणाम का कमी होतो? ॲट्रोपीन तर ॲसिटिलकोलिनला, म्हणजे नर्व्हच्या टोकातून सुटणाऱ्या रसायनाला, अडवतं, सीसीकेला नाही. मी गप्प बसले. यात नर्व्हचा संबंध कुठे येतो?"

सरांनी बरोबर दुखरी जागा दाबली. तुमच्या पुस्तकातलं वाक्य खोटं नाही, पण ते मुख्यतः उंदराच्या सुट्या केलेल्या पेशींवरून आलेलं आहे. जिवंत माणसात आतडं आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये एक मोठा वळसा आहे, आणि तो मेंदूच्या तळातून जातो. मी शिकलो तेव्हा आम्हालाही आतडं, रक्त, स्वादुपिंड असा सरळ बाण फळ्यावर काढून दाखवला होता. पुढे काही वर्षं फिजिऑलॉजी शिकवताना मीही तोच बाण काढला. तेव्हा तुम्हाला नावं ठेवायला मी मोकळा नाही.

आधी एक शब्द निस्तरू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. 'रिसेप्टर' हा शब्द फिजिऑलॉजीत दोन अर्थांनी येतो. एक, संवेदना टिपणारं नर्व्हचं टोक. त्वचेत स्पर्श टिपणारी टोकं असतात, तशी आतड्याच्या आतल्या अस्तरातही असतात. दुसरा अर्थ, पेशीच्या आवरणावर बसलेलं प्रथिन, ज्याला हॉर्मोन किंवा रसायन चिकटतं. स्वादुपिंडाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात: ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) अस्तरात व्हेगस या मेंदू आणि पोट जोडणाऱ्या नर्व्हची जी टिपणारी टोकं आहेत, त्यांच्यावरच सीसीकेचं रिसेप्टर-प्रथिन बसलेलं असतं. म्हणजे रिसेप्टरवर रिसेप्टर. (पेशंटशी बोलताना तिसरीच गंमत. त्यांना 'नस' म्हटलं की ते हाताची शीर दाखवतात. म्हणून मी सरळ 'नर्व्ह' म्हणतो, ते सगळ्यांना कळतं.)

आता वरण-भात-तुपाचा एक घास घेऊन निघू.

घास तोंडात जाण्याआधीच काम सुरू झालेलं असतं. फोडणीचा वास आला, ताट समोर दिसलं, चावणं सुरू झालं, की मेंदूतून व्हेगसमार्फत स्वादुपिंडाला निरोप जातो. जेवणाला मिळणाऱ्या एकूण एन्झाइमपैकी साधारण २० ते २५ टक्के याच पायरीवर सुटतात. यात हॉर्मोनचा फारसा हात नाही, जवळजवळ सगळा व्हेगसचा कारभार आहे. मग जठर ताणलं जातं, त्याच्या भिंतीतली टोकं ते टिपतात आणि पुन्हा व्हेगसच्याच वाटेने आणखी दहा एक टक्के भर पडते. या पायरीवर रेंगाळण्यासारखं काही नाही.

खरा खेळ ड्युओडेनममध्ये. तिथल्या अस्तरात 'आय' पेशी विखुरलेल्या असतात. चरबी आणि प्रथिनं पोहोचली की त्या सीसीके सोडतात. पण चरबी कोणती? तुपाचा अख्खा थेंब त्यांना कळत नाही. लायपेज या चरबी फोडणाऱ्या एन्झाइमने तो फोडून १२ किंवा जास्त कार्बनची फॅटी ॲसिड सुटी केली, तरच आय पेशी जाग्या होतात. म्हणजे आणखी लायपेज मागवण्यासाठी आधी थोडं लायपेज तिथे हजर हवं. ते कुठून येतं? फोडणीच्या वासाने आणि पहिल्या घासाने आगाऊ पाठवलेल्या मालातून. पहिल्या पायरीचं महत्त्व टक्केवारीवरून कळत नाही, ते इथे कळतं. लठ्ठपणासाठी दिलं जाणारं ऑर्लिस्टॅट लायपेजला अडवतं, आणि ते घेतल्यावर चरबीच्या जेवणानंतरचं सीसीकेही कमी सुटतं. गणित जुळतं.

सीसीके सुटलं. पुस्तक सांगतं ते रक्तात गेलं. गेलंच, त्यात वाद नाही. पण आय पेशीला लागूनच, काही मायक्रोमीटरवर, व्हेगसची टोकं आहेत. तिथे सीसीके दाट असतं. रक्तात मिसळून सगळ्या शरीरात पसरल्यावर ते फारच विरळ होतं. जवळच्याला आधी ऐकू येणार हे उघड आहे.

व्हेगसबद्दल एक चुकीची कल्पना डोक्यात घट्ट बसलेली असते, की ती मेंदूचे हुकूम पोटाला पोहोचवणारी नर्व्ह आहे. प्रत्यक्षात तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू उलट दिशेचे, पोटाची बातमी मेंदूला नेणारे. या तंतूंच्या पेशी कवटीच्या तळाशी नोडोज गॅन्ग्लियनमध्ये (गॅन्ग्लियन म्हणजे नर्व्ह-पेशींचा पुंजका) असतात. ड्युओडेनममधून निघालेली बातमी तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेनस्टेममधल्या न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस या केंद्रात पोहोचते. त्याला खेटूनच व्हेगसचं डॉर्सल मोटर न्यूक्लियस, म्हणजे हुकूम सोडणारं केंद्र, आहे. तिथून हुकूम परतीच्या तंतूंवरून निघतो आणि थेट ॲसिनर पेशीवर न जाता स्वादुपिंडाच्या आत पेरलेल्या बारक्या गॅन्ग्लियनमध्ये उतरतो. तिथे ॲसिटिलकोलिन निकोटिनिक रिसेप्टरवर काम करतं. गॅन्ग्लियनमधला पुढचा न्यूरॉन पुन्हा ॲसिटिलकोलिनच सोडतो, पण आता ते ॲसिनर पेशीवरच्या मस्करिनिक या दुसऱ्या जातीच्या रिसेप्टरवर पडतं, मुख्यतः एम-३ आणि सोबतीला एम-१. जायला व्हेगस, यायला व्हेगस, म्हणून याला व्हेगो-व्हेगल रिफ्लेक्स म्हणतात.

ॲट्रोपीन अडवतं ते हे शेवटचं पाऊल. सीसीके सुटलेलं असतं, टोकाला चिकटलेलंही असतं, मेंदूला निरोपही पोहोचलेला असतो. दारावरची बेल तेवढी बंद पडते.

याला पुरावा काय? १९९० च्या दशकात निरोगी माणसांवर प्रयोग झाले. जेवणानंतर रक्तात सीसीकेची जेवढी पातळी असते तेवढीच पातळी शिरेवाटे देऊन तयार केली आणि ड्युओडेनममधले एन्झाइम मोजले. ते वाढले. मग ॲट्रोपीन दिलं, आणि वाढीचा बहुतांश भाग नाहीसा झाला. सीसीके जर थेट ॲसिनर पेशीवर काम करत असतं तर ॲट्रोपीनने त्याच्या केसालाही धक्का लागला नसता. उंदरावर याहून नेटका प्रयोग झाला. आपल्या मिरचीतलं कॅप्सेसिन व्हेगसला लावलं की तिचे बारीक संवेदी तंतू निकामी होतात, हुकूम नेणारे तंतू शाबूत राहतात. अशा उंदराला शरीरात नेहमी असते तेवढ्या मात्रेत सीसीके दिलं तर स्वादुपिंडाने दाद दिली नाही. मात्रा खूप वाढवली तेव्हा रस सुटला, कारण उंदराच्या ॲसिनर पेशीवर सीसीकेचे स्वतःचे रिसेप्टर भरपूर आहेत आणि मोठ्या मात्रेला ते थेट प्रतिसाद देतात. पुस्तकातला सरळ बाण या मोठ्या मात्रांमधून आलेला आहे.

माणसाच्या ॲसिनर पेशीवर हे रिसेप्टर फार कमी आहेत. काही प्रयोगशाळांना सुट्या केलेल्या मानवी पेशींनी सीसीकेला काहीच प्रतिसाद दिलेला दिसला नाही, तर नंतरच्या एका कामात थेट प्रतिसाद दिसला. म्हणून 'माणसात थेट वाट नाहीच' असं छातीठोकपणे लिहू नका. 'मुख्य वाट व्हेगसची' एवढं लिहा. परीक्षकाला सावध उत्तर आवडतं, निदान आवडायला हवं.

या वळशात सीसीके एकटं नाही. ड्युओडेनमच्या अस्तरातल्या एन्टेरोक्रोमाफिन पेशी सेरोटोनिन सोडतात आणि ते व्हेगसच्या टोकांवरच्या ५-एचटी-३ रिसेप्टरवर काम करतं. आतड्यात आलेल्या पदार्थाची घनता, भिंतीवर पडणारा दाब, साखर, अशा बातम्या या वाटेने जातात. शिवाय ड्युओडेनमच्या आणि जठराच्या भिंतीतल्या न्यूरॉनचे काही तंतू मेंदूला न विचारता सरळ स्वादुपिंडाच्या गॅन्ग्लियनपर्यंत गेलेले आहेत. तालुक्याचं काम तालुक्यातच, मुंबईला फाइल पाठवायची गरज नाही.

आता ॲसिनर पेशीच्या आत. एम-३ रिसेप्टरला ॲसिटिलकोलिन चिकटलं की जी-क्यू प्रथिन, फॉस्फोलायपेज-सी, आयपी-३, आणि एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून सुटणारं कॅल्शियम ही साखळी तुम्हाला पाठ असेल. कॅल्शियम वाढलं की झायमोजेनचे (अजून जागे न झालेल्या एन्झाइमचे) कण पेशीच्या टोकाकडच्या आवरणाला जुळून रिकामे होतात. यापेक्षा लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. त्याच नर्व्हच्या टोकातून व्हीआयपी नावाचं पेप्टाइडही सुटतं आणि ते सायक्लिक एएमपी हे पेशीच्या आतलं दुसरं निरोप्या-रसायन वाढवतं. कॅल्शियमची वाट आणि सायक्लिक एएमपीची वाट एकदम चालू झाल्या की परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त येतो.

हेच सिक्रेटिनच्या बाबतीत. जठरातलं आम्ल ड्युओडेनममध्ये उतरून तिथला पीएच ४.५ च्या खाली गेला की 'एस' पेशी सिक्रेटिन सोडतात. ते नलिकांच्या पेशींवर काम करून बायकार्बोनेटचा, म्हणजे आम्ल मारणारा, पाणीदार रस सोडवतं. दिवसाला जो सुमारे दीड लिटर रस तयार होतो त्यातलं बहुतेक पाणी या नलिकांचं. पण जेवणानंतर रक्तात सिक्रेटिन वाढतं ते थोडंसंच, आणि तेवढ्या सिक्रेटिनला एकट्याने एवढा रस काढणं जमत नाही. सोबतीला व्हेगसचं ॲसिटिलकोलिन लागतं. म्हणून ॲट्रोपीनने बायकार्बोनेटही उतरतं. शुद्ध हॉर्मोनचं म्हणून ज्याचं उदाहरण देतात, तिथेही नर्व्हचा हात निघतोच.

याचा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. सेंट पीटर्सबर्गमध्ये पावलोव्ह यांनी व्हेगस उद्दीपित केली की स्वादुपिंडाचा रस सुटतो हे कुत्र्यांवर दाखवलं. त्यांच्या आधी अनेकांना ते जमलं नव्हतं. भूल आणि शस्त्रक्रियेच्या वेदनेमुळे रस थांबतो, आणि व्हेगसला विजेचा झटका दिला की हृदयच मंदावतं, हे पावलोव्ह यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी व्हेगस आधी कापून ठेवली, हृदयाकडे जाणारे तंतू मरायला काही दिवस दिले, आणि मग उरलेलं टोक उद्दीपित केलं. याला म्हणतात प्रयोगातली अक्कल. पचनावरच्या कामासाठी १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं. घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते या प्रयोगासाठी मिळालं असं अजूनही अनेक जण सांगतात, ते चूक आहे.

पण त्याआधी, १६ जानेवारी १९०२ रोजी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या फिजिऑलॉजिस्टनी आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नर्व्ह कापल्या, त्यात आम्ल घातलं, आणि रस तरीही सुटला. मग त्या आतड्याचं अस्तर खरवडून, वाळू आणि आम्लाबरोबर वाटून, गाळून शिरेत टोचलं. पुन्हा रस. ते सिक्रेटिन. 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ साली वापरात आणला. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांमध्ये दोन पक्ष पडले, नर्व्हवाले आणि हॉर्मोनवाले. हॉर्मोनवाले इतके जिंकले की पुढे सीसीकेलाही रक्तातून जाणारा सरळ बाण मिळाला. शंभर वर्षांनी कळलं की हॉर्मोन सुटतं खरं, पण ते बोलतं बरंचसं नर्व्हशीच.

ब्रेकही असतात, ते पटकन सांगतो. सिम्पथेटिक, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारे, तंतू स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा आखडतात आणि गॅन्ग्लियनमध्ये ॲसिटिलकोलिनचा निरोप दाबतात. सोमॅटोस्टॅटिन, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून येणारं पीवायवाय, आणि स्वादुपिंडाचंच पॅन्क्रिएटिक पॉलिपेप्टाइड ही तीन हॉर्मोन रस आवरतात. यातलं शेवटचं मजेदार आहे. ते व्हेगसच्याच हुकुमाने सुटतं आणि जाऊन मेंदूतल्या व्हेगसच्या केंद्राला 'पुरे' म्हणतं. म्हणून व्हेगस शाबूत आहे का हे पाहायचं असेल तर माणसाला अन्न चावून थुंकायला सांगतात आणि रक्तातलं पॅन्क्रिएटिक पॉलिपेप्टाइड मोजतात.

आता वॉर्डात. हे सगळं खरं आहे याची खूण मला पुस्तकाआधी कॅज्युअल्टीत दिसली. कापसाच्या हंगामात फवारणीचं औषध अंगावर आलेले, किंवा रागाच्या भरात प्यायलेले पेशंट यायचे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हे वाचलं; आमच्यासारख्यांना ते दर पावसाळ्याचं होतं. या औषधांमधलं ऑर्गॅनोफॉस्फेट हे कीटकनाशक ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला निकामी करतं, त्यामुळे एम-३ रिसेप्टरवर ॲसिटिलकोलिनचा मारा थांबतच नाही. लाळ, घाम, फुप्फुसात स्राव, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणि स्वादुपिंडही त्याच माऱ्याखाली. काहींना खराखुरा पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, होतो. पण रक्तात वाढलेलं अमायलेज (पिष्ट फोडणारं एन्झाइम) पाहून लगेच निदान करू नका. लाळग्रंथीही जोरात असतात आणि अमायलेज त्यांचंही असतं. लायपेज तपासा, पोट तपासा, गरज वाटली तर सोनोग्राफी करा. मी रेसिडेंट असताना नुसत्या अमायलेजवर एका पेशंटला पॅन्क्रियाटायटिसचा शिक्का मारला होता आणि राउंडला सगळ्यांसमोर ऐकून घेतलं होतं.

याच तर्काने त्रिनिदादचा विंचू समजतो. तिथल्या टिटियस त्रिनिटाटिस या विंचवाचा दंश हे तीव्र पॅन्क्रियाटायटिसचं नावाजलेलं कारण आहे: विषामुळे नर्व्हच्या टोकातून ॲसिटिलकोलिनचा लोंढा सुटतो आणि स्वादुपिंड त्यात सापडतं. आपल्या कोकणातला लाल विंचू वेगळ्या बाजूने मारतो. तिथे सिम्पथेटिक वादळ येतं, हृदय आणि फुप्फुसं धोक्यात येतात, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी सिम्पथेटिकचा परिणाम अडवणारं प्राझोसिन वापरून ते आटोक्यात आणायचं दाखवलं. दोन्ही विंचू, दोन्ही नर्व्हच्या टोकांवर, पण जीव धोक्यात येतो तो वेगळ्या रिसेप्टरमुळे.

मग कुणाच्याही मनात येईल की पॅन्क्रियाटायटिसमध्ये ॲट्रोपीन देऊन रिसेप्टर बंद करावेत, स्वादुपिंडाला विश्रांती मिळेल. एके काळी देतही असत. फायदा झाला नाही, आणि आतडं सुस्त पडलं ते वेगळंच. स्राव हे दुखण्याचं मूळ नव्हतं. एन्झाइम पेशीच्या आतच जागे होणं हे मूळ होतं. आज सौम्य आजारात पेशंटला शक्य तितक्या लवकर तोंडाने खायला देतो. जुन्या नातेवाइकांना हे अजून पटत नाही. "डॉक्टर, मागच्या वेळी आठ दिवस पाणीसुद्धा दिलं नव्हतं," असं सांगतात.

व्हेगस कापलेल्या माणसांचं काय? अल्सरवर चांगल्या गोळ्या यायच्या आधी ट्रंकल व्हेगॉटॉमी, म्हणजे व्हेगसचं खोडच कापायची शस्त्रक्रिया, सर्रास व्हायची. अशा लोकांमध्ये जेवणानंतरचे एन्झाइम चांगलेच उतरतात. तरी बहुतेक जण वर्षानुवर्षं ठणठणीत राहिले, कारण चरबी पचेनाशी होऊन तेलकट शौच दिसू लागते ती लायपेज नेहमीच्या १० टक्क्यांखाली गेल्यावर. साठा एवढा दांडगा आहे. जुन्या मधुमेहातही व्हेगस झिजते आणि शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम कमी येऊ शकतं; पण म्हणून गॅसची तक्रार करणाऱ्या प्रत्येक मधुमेहीला एन्झाइमच्या महागड्या कॅप्सूल लिहून देणं मला मान्य नाही. वजन घटतंय का, शौच तेलकट आहे का, हे आधी विचारा. आणि खरोखर द्यायच्याच असतील तर जेवणासोबत, पहिल्या घासापासून घ्यायला सांगा. का, ते वर तुपाच्या थेंबापाशी आलंच आहे.

शेवटी एक प्रश्न तुमच्या मनात येणारच, म्हणून आधीच सांगतो. प्रत्यारोपण केलेल्या स्वादुपिंडाला व्हेगस जोडलेली नसते, तरी ते रस गाळतं. काही केंद्रांत त्याची नलिका मूत्राशयाला जोडत असत आणि लघवीतलं अमायलेज घटलं की शरीर ते स्वादुपिंड नाकारतंय असा संशय घेत. मग वरचं सगळं खोटं का? नाही. सिक्रेटिन रक्तातून पोहोचतंच, आणि स्वादुपिंडाच्या आतले गॅन्ग्लियन अवयवासोबतच आलेले असतात. त्यांचा मेंदूशी संबंध तुटतो, पण ते स्वतः मेलेले नसतात.

तेव्हा पुढच्या व्हायवाला सीसीकेचे बाण दोन काढा: ड्युओडेनममधल्या व्हेगसच्या टोकाकडे जाणारा जाड, आणि रक्तातून ॲसिनर पेशीकडे जाणारा तुटक. जाड बाणाच्या शेवटी एम-३ लिहा, आणि त्यावर ॲट्रोपीनची फुली मारा.